रॅम पळवली तर गेम पळतो का?

२०११ साली इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले, तेव्हा रॅमच्या वेगाबद्दल विचारणाऱ्याला जाणकार एकच सल्ला देत: १३३३ ची घे, फार तर १६०० ची, आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाल. सहा वर्षांनी एएमडीचा पहिला रायझन आला आणि हेच जाणकार सांगू लागले की २१३३ वर अडकलेली रॅम म्हणजे प्रोसेसरच्या पायात बेडी. आणखी पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, ५८००एक्स३डी नावाची चिप आली आणि सल्ला पुन्हा फिरला. मिळेल ती रॅम लाव, फारसा फरक पडत नाही.

तिन्ही वेळा सल्ला बरोबर होता. रॅम ओव्हरक्लॉक केल्याने गेम सुधारतो का, याचं कायमचं उत्तर मिळत नाही ते यामुळेच. ते रॅमच्या डब्यावर छापलेलं नसतं, रॅमची वाट बघणाऱ्या प्रोसेसरवर अवलंबून असतं. माझं आणखी एक मत आहे, ते आधीच सांगून टाकतो. ओव्हरक्लॉकिंगच्या खात्यावर जमा होणारा बराचसा फायदा खरं तर चुकीच्या जोडणीत हरवलेला वेग परत मिळाल्याचा असतो.

आधी हे वाट बघणं जवळून पाहू. पाच गिगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या प्रोसेसरची एक टिक ०.२ नॅनोसेकंदाची. हवी ती माहिती त्याच्या एल३ कॅशमध्ये सापडली तर साधारण दहा नॅनोसेकंदांत हाती येते. तिथे नसेल तर मदरबोर्डवरच्या रॅमपर्यंत जाऊन यावं लागतं, आणि आजच्या डेस्कटॉपवर या एका फेरीला सत्तर नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे साडेतीनशे टिका. मधल्या वेळात दुसरं काही काम उरकता आलं तर प्रोसेसर उरकतो, पण गेममध्ये ते अनेकदा जमत नाही. मोठ्या शहराच्या नकाशात शेकडो पात्रं, गाड्या, दारं, गोळ्या, प्रत्येकाची माहिती मेमरीत इकडेतिकडे विखुरलेली. एकाचा पत्ता वाचल्याशिवाय पुढच्याचा पत्ता कळत नाही. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून माहिती आधीच ओढून ठेवायची प्रोसेसरची युक्ती इथे लंगडी पडते. ‘फॅक्टोरिओ’ हा कारखाने उभारायचा खेळ याचं उत्तम उदाहरण आहे. चित्रं साधी, द्विमितीय, ग्राफिक्स कार्डाला घाम फुटावा असं त्यात काही नाही; पण कारखाना अवाढव्य झाला की खेळाचा वेग कॅश केवढी आणि रॅम किती लवकर उत्तर देते यावर ठरू लागतो.

ग्राफिक्स कार्डाला मात्र या रॅमशी फारसं देणंघेणं नसतं. त्याची स्वतःची मेमरी त्याच्याच अंगावर असते. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डावर ती सेकंदाला ३६० जीबी माहिती हलवते. डीडीआर४-३२०० ची जोडी हलवते ५१.२ जीबी. समजा ४के रिझोल्यूशनवर सगळी सेटिंग वर नेली आणि कार्डाला एक फ्रेम रंगवायला १६ मिलिसेकंद लागले. प्रोसेसरचं त्या फ्रेमचं काम ८ मिलिसेकंदांत संपलेलं आहे. रॅम पळवून ते साडेसातवर आणलं तर काय होईल? प्रोसेसर कार्डासाठी अर्धा मिलिसेकंद जास्त थांबेल, एवढंच. ‘रॅम वाढवली, एफपीएस जागचा हलला नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अशाच पीसीवरून आलेली असते.

आता डब्यावरचे आकडे. डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती देते, म्हणून ३२०० ची रॅम प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्‌झवर चालते. ३२०० हा आकडा मेगाट्रान्सफरचा. सीपीयू-झेड उघडून तिथे १५९९ बघितल्यावर दुकानदाराने फसवलं म्हणून चिडणारे लोक आजही भेटतात. पण खरी गंमत दुसऱ्या आकड्यात आहे, ज्याच्यापुढे सीएल लिहिलेलं असतं. मागितल्यानंतर पहिली माहिती किती ठोक्यांनी मिळणार, तो हा आकडा. सीएलला २००० ने गुणा, डब्यावरच्या वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत येतं. डीडीआर३-१६०० सीएल९ चं येतं ११.२५. डीडीआर४-३२०० सीएल१६ चं १०. डीडीआर५-६००० सीएल३० चंही १०. दोन पिढ्या उलटल्या, वेगाचा आकडा जवळपास चौपट झाला, आणि पहिल्या उत्तराला लागणारा वेळ जवळजवळ तिथेच राहिला. उलट स्वस्तातली डीडीआर५-४८०० सीएल४० घेतली तर हाच वेळ १६.६७ नॅनोसेकंद होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलच्या एल्डर लेकबरोबर डीडीआर५ डेस्कटॉपवर आली तेव्हा तिची जी निराशाजनक सलामी झाली, तिचं कारण हेच. चांगल्या डीडीआर४ समोर ती अनेक खेळांत जेमतेम बरोबरीत यायची, काहींत मागे पडायची, आणि किंमत मात्र कितीतरी जास्त.

म्हणजे वेग दोन प्रकारचा: एकावेळी किती माहिती वाहून नेता येते ती बँडविड्थ, आणि पहिला दाणा हातात पडायला लागणारा वेळ ती लेटन्सी. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीवर खेळांना सहसा लेटन्सीची भूक असते. दुकानात मात्र विकली जाते ती बँडविड्थ, कारण मोठा आकडा तिचा असतो.

ओव्हरक्लॉकिंग हा शब्दही जरा सोलून बघावा लागतो. रॅमचे अधिकृत वेग जेडेक ही मानक ठरवणारी संस्था ठरवते. त्याच्यावरचा प्रत्येक वेग कागदोपत्री ओव्हरक्लॉकच. इंटेलने २००७ मध्ये, डीडीआर३ च्या काळात, एक्सएमपी आणलं: कंपनीने तपासलेला वेग, सीएलसारखी टायमिंग आणि व्होल्टेज रॅमच्या स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये लिहून ठेवायचं, आणि गिऱ्हाइकाने बायोसमध्ये एक पर्याय चालू करायचा. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० बरोबर आपलं एक्सपो आणलं. त्यामुळे ‘३६००’ लिहिलेली डीडीआर४ घरी आणून नुसती खोचली तर ती २१३३, २४०० किंवा २६६६ वर निमूट चालत राहते, आणि बायोसमध्ये कधीच न शिरणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. उजवीकडे खाली स्पीड दिसेल आणि त्याच्या जवळच किती स्लॉट वापरात आहेत ते. या दोन ओळी वाचायला दहा सेकंद लागतात, आणि बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

अमेरिकेत हे प्रकरण कोर्टातही गेलं. डब्यावर छापलेला वेग डबा फोडल्याबरोबर मिळत नाही, त्यासाठी सेटिंग बदलावं लागतं, हे ग्राहकाला धड सांगितलेलं नाही, असा दावा कोर्सेअरवर झाला आणि कंपनीने ५५ लाख डॉलरची तडजोड केली. वाद होता २१३३ च्या वरच्या डीडीआर४ आणि ४८०० च्या वरच्या डीडीआर५ चा. दावा मला पटतो. ज्या वेगासाठी वॉरंटीच्या बारीक अक्षरांत हात वर केलेले असतात, तोच वेग डब्याच्या दर्शनी बाजूला ठळक छापायचा, हा दुटप्पीपणा या धंद्याला सवयीचा झाला आहे. शिवाय मदरबोर्डही आडवा येतो. इंटेलच्या बी४६० बोर्डावर दहाव्या पिढीचा आय५ लावला तर रॅम २६६६ च्या पुढे जातच नसे, मग डबा कितीचाही असो. २०२१ मध्ये बी५६० आला तेव्हा हे कुलूप निघालं. पण त्यानंतरच्या स्वस्त एच६१० बोर्डावर रॅम ओव्हरक्लॉक करण्याची सोय पुन्हा नाही.

आता मघाच्या तीन सल्ल्यांकडे. सँडी ब्रिजच्या काळात खेळ दोन-चार कोअरवर भागवत, ग्राफिक्स कार्डंच लवकर थकत, आणि १३३३ व १८६६ मधला फरक मोजायला सूक्ष्मदर्शक लागे. ‘आनंदटेक’ने २०१३ मध्ये हॅसवेल प्रोसेसरवर १३३३ पासून ३००० पर्यंतची रॅम लावून सविस्तर चाचणी केली, त्यातही साध्या एका कार्डाच्या पीसीला लाभ नगण्यच निघाला, प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला मात्र चांगला झाला. २०१५ च्या ‘फॉलआउट ४’ने हे चित्र हलवलं. वेगवान रॅमवर तो ठळकपणे बरा चालतो हे दिसलं, आणि मोठ्या मोकळ्या नकाशांचे खेळ वेगळ्या जातीचे असतात हे लोकांना उमगू लागलं.

रायझनने तर गणितच बदललं. पहिल्या रायझनमध्ये चार-चार कोअरचे दोन गट होते आणि त्यांना जोडणारा अंतर्गत रस्ता, इन्फिनिटी फॅब्रिक, रॅमच्या घड्याळावर चालायचा. रॅम २१३३ वर तर तो रस्ताही १०६६ मेगाहर्ट्‌झवर. म्हणून ३२०० ची रॅम लावल्यावर फक्त रॅम वेगात येत नसे, प्रोसेसरच्या आतली वाहतूकही सुधारे. प्रोसेसर अपुरा पडणाऱ्या खेळांत दहा टक्क्यांच्या वर फायदा दिसायचा तो यातून. हा काळ रॅम ओव्हरक्लॉक करणाऱ्यांचा सुवर्णकाळ म्हणायला हरकत नाही.

पण त्याच फॅब्रिकने पुढे मर्यादाही घातली. २०१९ च्या झेन २ रायझनमध्ये रॅम आणि फॅब्रिक साधारण ३६००, फार तर ३७३३ पर्यंत बरोबरीने चालत. त्यापुढे गेलं की मेमरी कंट्रोलर अर्ध्या गतीवर येई आणि लेटन्सी वाढे. म्हणजे ४००० ची महागडी रॅम घेऊन खेळ हळू. इंटेलने २०२१ मध्ये गिअर १ आणि गिअर २ आणले, तिथेही तीच गोम. एएमडीच्या आजच्या एएम५ बोर्डांवर ही सीमा ६००० च्या आसपास आहे. नशीब आणि चिप चांगली असेल तर ६४००. त्यापुढची ७२०० ची रॅम लावली की कंट्रोलर अर्ध्यावर उतरतो आणि ती ६००० सीएल३० पेक्षा पुढे जाईलच असं नाही. काउंटरमागच्या कपाटात दिव्यांची आरास करून बसलेला सगळ्यात महाग डबा रायझनवाल्याच्या कामाचा नसतो तो असा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे समजावून सांगणारे विक्रेते आहेत. महागडा डबा गळ्यात मारणारेही आहेत.

मग एप्रिल २०२२ मध्ये ५८००एक्स३डी. एएमडीने ५८००एक्स मधली ३२ एमबी एल३ कॅश चिपवर चिप रचून ९६ एमबी केली. रॅमपर्यंतच्या फेऱ्याच इतक्या घटल्या की रॅमच्या वेगाचा प्रश्न बाजूला पडला. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी याच वळणावर गेले. ज्याच्याकडे यातली एखादी चिप आहे त्याने एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करावं आणि गप खेळावं. त्यापुढचा प्रत्येक रुपया वाया. इंटेलचा प्रवास उलट्या दिशेने झाला. ऑक्टोबर २०२४ च्या ॲरो लेकमध्ये मेमरी कंट्रोलर कोअरपासून वेगळ्या तुकड्यावर गेला, रॅमची फेरी लांबली, आणि खेळांत ही नवी पिढी जुनीपेक्षा मागे पडू लागली. एप्रिल २०२५ मध्ये खुद्द इंटेलनेच ‘२००एस बूस्ट’ नावाची सेटिंग दिली, अंतर्गत दुवे आणि ८००० पर्यंतची रॅम पळवणारी, आणि तीही वॉरंटीसकट. रॅमचा वेग त्या चिपला किती लागतो याची याहून मोठी कबुली नको.

या सगळ्या भांडणात एक कोपरा असा आहे जिथे वाद उरतच नाही: वेगळं कार्ड नसलेला पीसी किंवा लॅपटॉप. रायझन ५६००जी, ८७००जी किंवा साधा ऑफिसचा लॅपटॉप, इथे ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. प्रोसेसरही याच रॅममधून पितो आणि ग्राफिक्सही. त्यामुळे बँडविड्थ जितकी वाढेल तितके फ्रेम जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतात, निदान बरंच अंतर. व्हॉल्वचं स्टीम डेक घ्या. पहिल्यात मेमरीची बँडविड्थ सेकंदाला ८८ जीबी होती, २०२३ च्या ओलेड आवृत्तीत १०२.४. ग्राफिक्सची रचना तीच, तरी बऱ्याच खेळांत काही फ्रेम जास्त मिळाले, आणि त्यात मेमरीचा वाटा होता.

आणि नेमक्या याच गिऱ्हाइकाला आपल्याकडे सर्वांत वाईट जोडणी मिळते. कमी बजेटच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच स्टिक खोचलेली असते, दुसरा स्लॉट मोकळा. एक स्टिक म्हणजे ६४ बिटांचा एक मार्ग. दोन स्टिक म्हणजे १२८. बँडविड्थ सरळ अर्धी किंवा दुप्पट. दुसरी स्टिक टाकल्यावर अशा मशीनवर खेळाचा वेग तीस-चाळीस टक्क्यांनी वाढणं मुळीच नवलाचं नाही, आणि इतका फायदा ३२०० ची ३६०० करून कोणालाही मिळालेला नाही. ‘डीडीआर५ ची एक स्टिक म्हणजेच ड्युअल चॅनल’ असं विक्रेते सांगतात, त्यावर जाऊ नका. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये दोन उपमार्ग असतात हे खरं, पण ते ३२-३२ बिटांचे. बेरीज ६४ च.

डेस्कटॉपवर दोन स्टिक घेऊनही त्या शेजारीशेजारी खोचलेल्या दिसतात. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. शेजारच्या दोन स्लॉटमध्ये त्या एकाच मार्गावर बसतात. आणि डीडीआर५ असेल तर चारही स्लॉट भरायचा मोह टाळावा. रायझन ७००० ला चार स्टिक लावल्या तर एएमडीची अधिकृत हमी फक्त ३६०० ची आहे.

चाचण्या वाचतानाही डोळे उघडे हवेत. रॅमची तुलना करणारे लोक मुद्दाम सर्वांत ताकदवान कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन १०८०पी ठेवतात. प्रोसेसरवरचा भार उघडा पाडायची ती बरोबर पद्धत आहे. पण आरटीएक्स ४०९० वर दिसलेला आठ टक्क्यांचा फरक आरटीएक्स ४०६० वर दोनवर येतो किंवा नाहीसा होतो. दोन टक्के म्हणजे १५० चे १५३ एफपीएस. एका फ्रेमला ६.६७ च्या जागी ६.५४ मिलिसेकंद. हे डोळ्यांनी ओळखून दाखवणाऱ्याला मी जेवायला घालीन. सरासरीपेक्षा एक टक्का लो म्हणतात तो आकडा बघावा, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग. रॅमचा परिणाम अनेकदा तिथे जास्त दिसतो, कारण झटके बसतात ते प्रोसेसर अडकून पडल्यावर. ‘काउंटर-स्ट्राइक २’ किंवा ‘व्हॅलोरंट’ कमी सेटिंगवर २४० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याला हा फायदा खरा आहे. त्याला प्रत्येक फ्रेमसाठी ४.१७ मिलिसेकंदच मिळतात. १४४० पी वर ‘सायबरपंक २०७७’ सगळे दिवे लावून फिरणाऱ्याला नाही.

एक्सपोच्याही पुढे जाऊन हाताने टायमिंग बसवणाऱ्यांची जमात निराळी. सॅमसंगची बी-डाय चिप डीडीआर४ च्या काळात या मंडळींनी शोधून शोधून विकत घेतली. डीडीआर५ मध्ये तोच मान एसके हायनिक्सच्या ए-डाय आणि एम-डायचा. त्यांच्या खटाटोपात एक शहाणपण आहे: वेगाचा आकडा चढवण्यापेक्षा आतली टायमिंग घट्ट केल्याने अनेकदा जास्त मिळतं. रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे गळका कपॅसिटर. डीडीआर४ मध्ये सगळ्या ओळी ६४ मिलिसेकंदांत एकदा, डीडीआर५ मध्ये ३२ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भराव्या लागतात. त्यासाठी डीडीआर५ मध्ये दर ३.९ मायक्रोसेकंदांनी काम थांबतं. हे थांबे लांब अंतरावर नेले आणि प्रत्येक थांबा छोटा केला की लेटन्सी उतरते. धोका असा की चिप जितकी गरम, तितकी गळती लवकर. जानेवारीतल्या रात्री निर्दोष ठरलेलं सेटिंग विदर्भातल्या मे महिन्यात, कार्डाची गरम हवा तासभर खाल्ल्यावर, चुका करू लागतं.

आणि रॅमच्या चुका सरळ समोर येत नाहीत. प्रोसेसर जास्त ताणला तर मशीन बंद पडतं, कळतं तरी. रॅममधला एक बिट उलटला तर कधी खेळ डेस्कटॉपवर फेकतो, कधी विंडोजची एखादी फाइल खराब होऊन महिन्याने दगा देते. डीडीआर५ च्या चिपमध्ये चूक सुधारायची सोय आहे, पण ती चिपच्या आतपुरती. प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती लागू नाही. मेमटेस्ट८६ किंवा टेस्टमेम५ तासन्‌तास चालवल्याशिवाय कोणतंही सेटिंग स्थिर मानू नये. नुसतं प्रोफाइल चालू करणंही पूर्ण निर्धोक नव्हतं: एप्रिल २०२३ मध्ये काही बोर्डांनी एक्सपोबरोबर एसओसी व्होल्टेज इतकं चढवलं की ७८००एक्स३डी चिप्स जळाल्या. मग एएमडीने नव्या बायोसमधून ते १.३ व्होल्टवर रोखलं. तेव्हाचा बायोस कोणाच्या बोर्डावर अजून असेल तर आधी तो बदला, एक्सपो नंतर.

पैशांचं गणित गेल्या काही महिन्यांत पार उलटलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप्स ओढून घेतल्या, २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात वेगासाठी जादा पैसे मोजणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. वेगाच्या आधी जागा. १६ जीबी कमी पडून खेळ एसएसडीकडून माहिती ओढू लागला की नॅनोसेकंदांचा हिशेब संपतो. तिथे एकेका मागणीला दहा-दहा मायक्रोसेकंद आणि त्याहून जास्त लागतात, आणि बसणारा झटका सीएल कितीही कमी असला तरी टळत नाही.

ज्यांच्याकडे जुनी डीडीआर४ ची जोडी आहे आणि नवी घ्यायची ऐपत किंवा इच्छा नाही, त्यांच्यासाठी मात्र हाताने ओव्हरक्लॉक करणं आज पूर्वीपेक्षा जास्त अर्थाचं आहे. २६६६ ची जोडी १.३५ व्होल्टवर ३००० ला चालते का बघायला खर्च शून्य. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवा, बोर्डावर सीमॉस क्लिअर करायचा जंपर कुठे आहे ते पाहून ठेवा, रात्रभर चाचणी लावा. सकाळी एकही चूक दिसली तर २९३३ वर या.